नळीत तेल, आळ टर्बोवर: अंबाजोगाईच्या एका गाडीचं प्रकरण

गाडी २०२०ची. एक लिटरचं तीन सिलिंडरचं, टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा पंखा) असलेलं पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, मीटरवर ५८,००० किलोमीटर. मालकीण अंबाजोगाईत डॉक्टर. लातूरला आमच्या गॅरेजात गाडी आली ती डिकीत एक खोकं घेऊनच. खोक्यात ऑनलाइन मागवलेला निळा चकचकीत कॅच कॅन (इंजिनातून येणाऱ्या वायूतलं ऑइल अडवून साठवणारा डबा), मीटरभर नळी आणि चार क्लॅम्प. मॅडमचं म्हणणं सरळ होतं: "हा बसवून द्या. टर्बोचा खर्च वाचला तर बरंच."

टर्बोचा विषय दुसऱ्या एका गॅरेजातून आला होता. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की गाडी अर्धा-पाऊण मिनिट थरथरायची, मधूनच चेक इंजिनचा दिवा लागायचा. शिवाय दोन सर्व्हिसच्या मध्ये वरून ऑइल घालावं लागत होतं. तिथल्या मिस्त्रींनी टर्बोकडे जाणारी हवेची नळी काढली, आत बोट फिरवून तेलकट बोट दाखवलं आणि निकाल दिला: "टर्बो ऑइल फेकायलाय, बदलावा लागतो बगा." मॅडमनी घरी येऊन व्हिडिओ पाहिले आणि कॅच कॅन मागवला. म्हणजे रोगाचं निदान एकाचं, औषध दुसऱ्याचं आणि दोघांनीही तपासणी केलेली नाही.

गाडीची चाल आधी विचारून घेतली, कारण अशा प्रकरणात निम्मं उत्तर तिथेच असतं. घर ते दवाखाना दोन-अडीच किलोमीटर, दिवसातून चार-सहा फेऱ्या, रात्रीचे कॉल वेगळे. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. महिन्यातून एक-दोनदा संभाजीनगर: केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा रस्ता, आणि त्यात ड्रायव्हरचा पाय जड. हिवाळ्यात याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामागची धूळ.

वायू कुठून येतो, कुठे जातो

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, दाबाखालचा थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो त्या इंजिनाच्या पोटात, उतरतोच. हा ब्लो-बाय. त्यात जळका धूर, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. फिरणाऱ्या क्रँकने उडवलेल्या ऑइलचा बारीक तुषारही त्यात मिसळतो. तो बाहेर काढला नाही तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि ऑइल सील गळायला लागतात. पूर्वीच्या डिझेल जीपला आणि ट्रॅक्टरला ब्रीदरची नळी खाली मोकळी सोडलेली असायची, खालची माती काळी झालेली दिसायची. आता हा वायू परत इंजिनातच पाठवून जाळावा लागतो.

टर्बो पेट्रोल इंजिनात त्याला दोन वाटा असतात. गाडी उभी असताना किंवा हलक्या पायावर चालताना थ्रॉटलच्या (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात, व्हॅक्यूम असतो. वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू मापात सोडणाऱ्या झडपेतून) तिकडे ओढला जातो. पाय दाबला, टर्बोने दाब भरला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी दाब येतो. तो उलटा क्रँककेसमध्ये घुसू नये म्हणून एकेरी व्हॉल्व्ह बंद होतो, आणि वायू दुसऱ्या, ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या नंतर, जाऊन मिळतो. त्यामुळे टर्बोच्या तोंडाशी थोडा तेलकट ओलावा असणं हे इंजिनाच्या आराखड्यातच आहे. प्रश्न ओलावा किती आणि कुठून, एवढाच.

थरथरीचा संबंध पहिल्या वाटेशी. जुन्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जायचं आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतला जायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीवर फक्त हवा आणि तिच्यासोबतचा तेलकट वायू येतो, तापलेल्या धातूवर भाजतो आणि कार्बनचा थर चढत जातो. थर वाढला की हवेचा झोत वाकडा होतो. हे थंड इंजिनातच जास्त का जाणवतं, त्यालाही कारण आहे: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून सुरुवातीच्या थोड्या वेळात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. त्या वेळी ज्वलन काठावरच असतं. त्यात हवा नीट आली नाही की एखादा सिलिंडर चुकतो.

तपासणी

स्कॅनरवर कोड निघाला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं मिश्रण मधूनच नीट पेटत नाही. कॉइल आणि प्लग तिसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल केले, कोड दुसऱ्यावरच राहिला. विजेचा दोष नाही.

मग ती बदनाम नळी. टर्बोच्या तोंडाशी रबरी कोपर आहे, त्यात वरून ब्रीदरची नळी येऊन मिळते. कोपर पूर्ण काढून उभा कापल्यासारखा आतून पाहिला. ब्रीदर जिथे मिळतो तिथून टर्बोच्या दिशेने ओलं, आणि फिल्टरच्या बाजूला कोरडं. ओलाव्याचा ओघळ ब्रीदरच्या तोंडापासूनच सुरू होत होता. कॉम्प्रेसर व्हील हाताने हलवून पाहिलं: आडवा किंचित खेळ, तेवढा असायलाच हवा, कारण शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, पुढे-मागे खेळ जाणवण्यासारखा नाही. पाती कुठेही घासलेली नाहीत. गाडी बराच वेळ आयडलवर (पाय न देता नुसती सुरू) ठेवून एकदम रेस दिली, निळा धूर नाही. टर्बो निर्दोष. इतकं पाहायला तास लागत नाही, आणि त्यावर ऐंशी हजारांच्या पुढचा निर्णय अवलंबून असतो.

मग ब्रीदरमधून एवढं ऑइल का येतं? पहिला संशय रिंगांवर. कॉम्प्रेशन घेतलं, तिन्ही सिलिंडरचे आकडे दहा टक्क्यांच्या आत. क्रँककेसचा दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बांधली, निळ टाकलेलं पाणी भरलं, शेजारी फूटपट्टी, आणि एक टोक डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) नळीला. आयडलवर पाणी साधारण तीन सेंटिमीटर इंजिनाकडे ओढलं गेलं, म्हणजे हलका व्हॅक्यूम. हे ठीक. पीसीव्हीचा पडदा फाटला असता तर ओढ याच्या कितीतरी पट असती, शिट्टीसारखा आवाज आला असता आणि ऑइलचं झाकण उघडायला जोर लागला असता. रस्त्यावर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब भरत असताना, पाणी शून्याच्या आसपास आलं, उलट्या बाजूला ढकललं गेलं नाही. रिंगा चांगल्या, पीसीव्ही चांगला.

राहिल्या दोन साध्या गोष्टी, ज्या सगळ्यात आधी पाहायच्या असतात आणि सगळ्यात शेवटी पाहिल्या जातात.

एअर फिल्टर उघडला तर घड्यांत मातीचा थर आणि कापसाचे तंतू. फिल्टर तुंबला की टर्बो हवा ओढण्यासाठी जास्त जोर लावतो, त्याच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ओढ ब्रीदरच्या नळीतून ऑइलचा तुषारही खेचते. आपल्याकडच्या धुळीत सर्व्हिस पुस्तिकेतला फिल्टरचा आकडा पाळून चालत नाही. त्याच पुस्तिकेत धुळीच्या भागासाठी वेगळा, कमी अंतराचा सल्ला असतो, तो कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट डिपस्टिक. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून पाहिलं: ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. आणि मॅडम तर म्हणत होत्या की गाडी ऑइल खाते! ड्रायव्हरला विचारलं, तू कधी मापतोस? तर गाडी बंद केली की लगेच. तेव्हा बरंचसं ऑइल अजून वर हेडमध्ये असतं, पट्टीवर कमी दिसतं. कमी दिसलं की तो पाव-अर्धा लिटर ओतायचा. ऑइल काढून मापून पाहिलं: भरायच्या मापापेक्षा जास्त निघालं, पातळही झालं होतं आणि पेट्रोलचा वास स्पष्ट. सततच्या थंड फेऱ्यांत सिलिंडरच्या भिंतीवरचं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे पातळी आपोआपही वाढते. वर यांनी ओतलेलं. पातळी जितकी वर तितकं क्रँक ऑइलला जास्त घुसळतो, तितका तुषार जास्त, तितकं ब्रीदरमधून बाहेर. जास्तीचं ऑइल इंजिन फेकून देत होतं, ड्रायव्हर ते परत भरत होता, आणि हिशेबात त्याला "ऑइल खाणं" म्हटलं जात होतं.

बोरस्कोप, म्हणजे तारेच्या टोकाचा छोटा कॅमेरा, मॅनिफोल्डमधून सोडला. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काळं खडबडीत कवच, दुसऱ्या सिलिंडरला सगळ्यात जाड.

आधी काय केलं

कॅच कॅन त्या दिवशी बसवला नाही. गाडीची वाढीव वॉरंटी संपायला काही महिने होते. इंजिनाच्या नळ्यांत बाहेरची वस्तू दिसली की पुढे इंजिनाचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं, हे मॅडमना स्पष्ट सांगितलं. तोवर मूळ दोष दुरुस्त करू, डबा नंतर पाहू, असं ठरलं. मला हा उशीर उलट उपयोगाचा वाटला. सगळं एकाच दिवशी केलं असतं तर गुण कशाने आला हे कधीच कळलं नसतं.

ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसपी दर्जाचं, मापून भरलं. "मराठवाड्याची गरमी हाय, जाड ऑइल टाका" हा सल्ला इथे सर्रास मिळतो. आजच्या बारीक फटींच्या इंजिनांत तो लागू नाही. जाडीपेक्षा उडून जाण्याचं प्रमाण पाहावं. नोआक चाचणीत ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून किती टक्के वजन उडतं ते मोजतात. अमेरिका-जपानच्या वाहन कंपन्यांच्या आयएलएसएसी जीएफ-६ दर्जाला १५ टक्क्यांपर्यंत चालतं, युरोपच्या एसीईए सी३ दर्जाला १३ टक्के. जे उडतं ते शेवटी याच नळीतून जातं. एसपी दर्जात आणखी एक चाचणी आहे: कमी वेगात, जड पायावर, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याची. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत ऑइलचे थेंब या प्रकाराला चिथावणी देतात आणि त्यात पिस्टन फुटू शकतो.

व्हॉल्व्ह अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याने साफ केले. मॅनिफोल्ड काढायचा, ज्या सिलिंडरचं काम आहे त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद येतील असा क्रँक फिरवायचा, पोर्टवर अडॅप्टर लावून एकीकडून हवेच्या दाबाने भुगा मारायचा आणि दुसरीकडून व्हॅक्यूम क्लीनरने ओढायचा. हे कवच कार्बन खरवडण्याइतकं कडक असतं, पण व्हॉल्व्हच्या पोलादाला आणि हेडच्या अॅल्युमिनियमला ओरखडा काढत नाही; चुकून कण राहिलाच तर जळून जातो. वाळू मारणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवावी. पावसाळ्याचे दिवस होते, कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येऊन भुगा नोझलमध्ये घट्ट बसत होता. वॉटर सेपरेटर बदलल्यावर काम सरकलं. फिल्टर नवा, प्लग नवे. ड्रायव्हरला डिपस्टिक कशी पाहायची ते करून दाखवलं.

थरथर त्याच दिवशी गेली. पण मला बघायचा होता तो रबरी कोपर. दिवाळीच्या आधी गाडी परत आली तेव्हा तो आतून पुसून कोरडा केलेला जवळजवळ तसाच होता, नुसता हलका ओशटपणा. डिपस्टिक जागच्या जागी, वरून एक थेंब ऑइल घातलेलं नव्हतं. कॅच कॅन अजून डिकीतल्या खोक्यातच.

मग डबा कशाला?

मॅडमनीही हेच विचारलं. "आता सगळं बरं आहे, मग हा परत करू का?"

तो डबा परत करायच्याच लायकीचा होता. आत नुसता पोकळ: येणारी आणि जाणारी दोन्ही तोंडं झाकणातच, मध्ये पडदा नाही, जाळी नाही. तुषार एका तोंडातून येऊन दुसऱ्यातून निघून जाणार. तोंडांचा व्यास मूळ नळीच्या जवळपास निम्मा, म्हणजे वायूची वाट आवळणार आणि क्रँककेसमध्ये दाब वाढवणार. सोबतची नळी साध्या रबराची, ऑइलच्या वाफेने फुगून मऊ होणारी.

चांगला डबा मात्र या गाडीला बसवावा असं माझं मत होतं, आणि कारण टर्बोची नळी नव्हे तर मॅनिफोल्डची. मॅडमच्या रोजच्या फेऱ्या बदलणार नव्हत्या. थंड इंजिनात तयार होणारी पाण्याची आणि पेट्रोलची वाफ हलक्या पायावर मॅनिफोल्डच्या वाटेनेच जाते, आणि व्हॉल्व्हवरचा थर तिथेच चढतो. पुष्कळ जण दिसायला सोपी म्हणून टर्बोच्या तोंडाची नळी तोडून डबा बसवतात आणि व्हॉल्व्ह वाचले असं समजतात. ज्या वाटेने व्हॉल्व्हवर माल येतो ती वाट तशीच उघडी राहते. काही इंजिनांत तर ही वाट हेडच्या आतूनच कोरलेली असते, बाहेरून डबा लावायला जागाच नसते; तिथे नाद सोडावा. या गाडीत पीसीव्हीपासून मॅनिफोल्डपर्यंत बाहेरून नळी होती, म्हणून शक्य झालं.

वॉरंटी संपल्यावर साधारण अर्ध्या लिटरचा, आत पडदे आणि स्टीलची बारीक जाळी असलेला, खाली नळ असलेला डबा आणला. जागा शोधणं हेच मोठं काम. टर्बो आणि एक्झॉस्टजवळ ठेवला तर वाफ थंडच होत नाही, जशी आली तशी निघून जाते. पुढे हेडलाइटच्या मागे, जिथे हवा लागते, तिथे जागा निघाली. लेथवाल्या चाचांनी लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट आणि मूळ क्विक कनेक्टरला बसणारे अडॅप्टर करून दिले, त्यामुळे कंपनीची नळी कापावी लागली नाही. ती गुंडाळून डिकीत ठेवली आहे. नवी नळी आतून फ्लोरोरबरची, मूळ नळीइतक्याच व्यासाची आणि व्हॅक्यूमने पिचकणार नाही अशी. साधी सिलिकॉन नळी रंगीत दिसते, पण ऑइल तिच्यातून पाझरतं. नळीला मध्ये कुठेही झोळ राहू दिला नाही, कारण झोळात पाणी साचून वाट बुजते. एकेरी व्हॉल्व्ह आपल्या जागी, मॅनिफोल्डच्या बाजूला. तो काढला तर बूस्टचा दाब डब्यातून थेट क्रँककेसमध्ये.

चाचांनी विचारलंच, "वापस कामून जोडता? नळी खाली सोडून द्या की." नाही. बीएस-६ काय, त्याआधीच्या नियमांतही क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगी नाही. शिवाय मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर थ्रॉटलला वळसा घालून हवा आत शिरते आणि आयडल बिघडतो. जोडल्यावर फळीवरची पाण्याची नळी पुन्हा लावली. ओढ पूर्वीइतकीच, म्हणजे डब्याने वाट आवळलेली नाही. ही मापणी न करता डबा बसवलेली गाडी मी गिऱ्हाइकाला देत नाही.

डब्यात काय निघालं

डिसेंबर-जानेवारीत बालाघाटच्या डोंगरावरच्या अंबाजोगाईत पहाटे चांगलीच थंडी असते. पहिल्यांदा नळ उघडला तेव्हा दुधाळ चहाच्या रंगाचा घट्ट द्रव आला, साधारण शंभर मिली. ड्रायव्हर घाबरला, हेड गॅस्केट गेलं म्हणाला. कूलंटची पातळी तपासली, जशीच्या तशी. तो द्रव काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवला. दोन दिवसांत थर वेगळे झाले: खाली बहुतेक सगळं पाणी, वर पेट्रोलचा वास येणारं ऑइल, बोटाच्या पेराएवढंही नाही. कॅच कॅनच्या चित्रांत जो काळा-पांढरा चिखल "इंजिन वाचलं" म्हणून दाखवतात, त्यातला मोठा भाग हा असा पाणी असतो. उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना, तेवढ्याच अंतरात पंधरा-वीस मिली निघालं, काळं आणि पातळ. पाणी डब्यात थांबतच नव्हतं, वाफ होऊन पुढे जात होतं.

यावरून मॅडमना दोन गोष्टी सांगितल्या. हिवाळ्यात दर पंधरवड्याला नळ उघडायचा, उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा पुरे. डबा भरून वाहिला आणि तो द्रव एकदम मॅनिफोल्डमध्ये ओढला गेला तर डबा नसता तेच बरं अशी वेळ येते. आणि आठवड्यातून एकदा गाडी लातूरपर्यंत नेऊन आणायची, म्हणजे ऑइलमधलं पेट्रोल आणि पाणी उडून जाईल. निघालेला द्रव नालीत किंवा बांधावर ओतायचा नाही. बाटलीत साठवून सर्व्हिसला आणायचा, तो जळक्या ऑइलच्या पिंपात जातो.

साधारण १५,००० किलोमीटरनंतर पुन्हा बोरस्कोप घातला. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर पातळ तपकिरी थर, धातूची चमक कुठेकुठे दिसणारी. दुसऱ्यावर थर काळा आणि ओलसर, इतर दोघांपेक्षा जाड. डबा तिन्ही सिलिंडरसाठी एकच आहे, वायू तिघांकडे साधारण सारखाच जायला हवा. मग एकट्या दुसऱ्यावर जास्त माल यायचं कारण डब्याच्या पलीकडचं असणार. ओलसरपणा व्हॉल्व्हच्या दांड्यापासून खाली उतरलेला दिसत होता, म्हणून संशय व्हॉल्व्ह स्टेम सीलवर, म्हणजे त्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या रबरी टोपीवर, आहे. त्या वाटेने येणारं ऑइल कुठलाही कॅच कॅन अडवू शकत नाही. सुरुवातीला याच सिलिंडरचं कवच सगळ्यात जाड का होतं, तेही त्यातून जुळतं.

गाडी सध्या थरथरत नाही, कोड नाही, दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक अर्धा सेंटिमीटरही उतरत नाही. त्यामुळे सीलसाठी हेड उघडायची घाई केलेली नाही. पुढच्या ऑइल बदलाला फक्त दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पाहायचा, थर तितकाच असेल तर थांबायचं, वाढला असेल तर हेड न उतरवता सिलिंडरमध्ये हवा भरून सील बदलायचे, असं मॅडमशी बोलून ठरलं आहे.